मामाची जागा का पळते?

इंजिन बंद पडून समुद्राच्या तळाशी बसलेली पाणबुडी जागची हलू शकत नाही. मग पडद्यावर तिची जागा का पळत होती?

केतकी बघतच राहिली. मघाशी लाल ठिपका बंदरापासून दोन किलोमीटरवर होता, आता पाच! त्या इवल्या पाणबुडीत तिचा सदूमामा एकटा होता आणि आतली हवा संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. शोधायला बोट पाठवायची, पण कुठे?

"गणोबा, वेड लागलंय का तुला?" ती गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमवर ओरडली.

"ताळा करून बघ," गणोबा म्हणाला. "माझं गणित चुकत नाही."

"मोठा शहाणा!"

"चिडून मामा वर येणार नाही, बाये," नलूमावशी म्हणाली. ती समुद्रशास्त्रज्ञ होती; आवाज शांत, पण मुठी आवळलेल्या. "चूक कुठे शिरते ते एकेक पायरीने शोधू."

पाणबुडी टिकटिक आवाज सोडत होती. धक्क्याला बांधलेले दोन बोये (पाण्यावर तरंगून आवाज टिपणारी यंत्रं) त्याची दिशा सांगत. प्रत्येक दिशेची एक सरळ रेषा आणि प्रत्येक रेषेचं एक समीकरण (दोन बाजू सारख्या असल्याचं सांगणारं गणिती वाक्य). दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे मामा.

केतकीने गणोबाला आधी हाताने सुटेल असं सोपं गणित घातलं. उत्तर बरोबर. मग मामाची नवी जागा समीकरणांत घालून ताळा केला. जुळला. गंमत म्हणजे जुनी जागाही त्याच समीकरणांत जवळजवळ बसली!

"मावशी, ताळा तर दोन्ही जागांचा जुळतोय."

"मग दिलेले आकडे हलवून बघ."

केतकीने एका दिशेचा अगदी शेवटचा दशांश अंक एकाने बदलला. ठिपका तीन किलोमीटर उडाला!

तिने केरसुणीच्या दोन काड्या ओढून काढल्या. जवळजवळ समांतर (शेजारी शेजारी जाणाऱ्या) ठेवून एक काडी जराशी ढकलली, तर छेदायची जागा पार टोकाला पळाली. मग काड्या फुलीसारख्या ठेवून तेवढंच ढकललं. जागा जेमतेम हलली.

"गणित बरोबर आहे, प्रश्नच नाजूक आहे! पाण्यात आवाजाची दिशा केसभर चुकली, की उत्तर कुठल्या कुठे जातं. बोये जवळ असले, की रेषा अशा जवळजवळ समांतरच येणार. ते एकमेकांना चिकटून का बांधलेत?"

"चार्जिंगची सोय तिथेच होती," मावशी ओशाळली. "आमचा आळस, दुसरं काय! चल, बोट काढ."

वारा अंगावर येत होता. दोघींनी एक बोया खाडीपलीकडच्या दीपस्तंभापाशी नेऊन बांधला. केतकीने पुन्हा शेवटचा अंक हलवला. ठिपका जागचा हलला नाही.

"तीन किलोमीटर, नैर्ऋत्येला!" ती ओरडली.

उन्हं कलत असताना क्रेनच्या बोटीने पाणबुडी वर ओढली. झाकण उघडून मामाने आधी भरपूर श्वास घेतला.

"काय गं, मला शोधायला एवढा वेळ? मला वाटलं, जेवायला बसलात!"

केतकी हसता हसता रडली.

"मी चुकलो नव्हतो," गणोबा पुटपुटला.

"नव्हतास. पण उत्तरावर भरवसा किती ठेवायचा, ते सांगितलं नाहीस," केतकी म्हणाली आणि डोळे पुसून त्याला ते शिकवायला बसली.

पुढच्या महिन्यात सगळ्या किनाऱ्यावर नवा गणोबा बसला. रेषा जवळजवळ समांतर आल्या, की तो उत्तराआधी सांगतो, "थांबा. एक बोया लांब न्या, मग विचारा."