काचेच्या पेटीतला धोटा

ज्याच्या हातून कृत्य घडले त्याने मौन धरावे आणि ज्याच्या हातून घडले नाही त्याने त्याचे फळ भोगावे, याहून मनाला अस्वस्थ करणारी अवस्था क्वचितच असेल. झाशीबाहेरच्या जुन्या कापडगिरणीच्या आवारात उभारलेल्या वारसा-उद्यानात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नेमके तेच घडत होते.

खासगी तपासाचे काम करणाऱ्या वसुंधरा लघाटे त्या दिवशी केवळ उद्यान पाहायला आल्या होत्या. सोबत धाकटे बंधू कमलाकर, रेल्वेतून निवृत्त झालेले. दालनाच्या दाराशी पोहोचतात तोच व्यवस्थापक अजय सक्सेना यांचा चढा स्वर ऐकू आला. काचेच्या पेटीतला धोटा, मागावर आडवे सूत वाहून नेणारा, त्या गिरणीतला अखेरचा, नाहीसा झाला होता. रखवालदार घनश्याम भिंतीला टेकून उभा होता.

"आधे घंटे में पुलिस आएगी. नौकरी तो गई समझो!"

"ग्यारह साल हो गए, साहब," घनश्याम पुटपुटला.

वसुंधराताईंनी आपली ओळख दिली आणि तेवढा अर्धा तास मागून घेतला.

पेटीचे कुलूप शाबूत होते. आत मखमलीवर एक सुपारी आणि तांदळाचे चार दाणे.

"उंदरांचा उद्योग," कमलाकर म्हणाले.

"उंदीर सुपारी पळवतो, कमलाकर. ठेवून जात नाही."

घनश्याम म्हणाला, "चाबी दफ्तर में टँगी रहती है, दीदी. कोई भी उठा ले. परसों नवमी को मैंने पेटी देखी ही नहीं, कल छुट्टी थी."

"इथे अवजारांची पूजा होते?"

"विश्वकर्मा पूजा? वो तो पिछले महीने हो गई. सबने लड्डू खाए."

पाहुण्यांना उद्यान दाखवणारी आभा रेल्वे कॉलनीतली, अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलणारी. "नवमीला शाळेची मुलं आली होती, ताई. माग चलाकर दाखवायचा होता, पर वामनकाका बोले, पट्टा तुटला. मग मी दिवसभर त्यांना बागेतच फिरवलं. गला बैठ गया, ऐका ना!"

माग चालवणारे वामनराव मात्र जुन्या घरंदाज मराठीत बोलले. "पट्टा त्याच दिवशी नवा घातला."

वसुंधराताईंनी पट्ट्यावर बोट फिरवले. बोट काळे झाले. वंगणाचा तो मळ कित्येक महिन्यांचा होता.

"घरी कोण कोण असते?"

"वडील, विठोबा. नव्वदी उलटली. अंथरुणाला खिळलेत. याच गिरणीत विणकर होते." वामनरावांची दृष्टी घड्याळाकडे गेली.

बाहेर जीपचा आवाज आला.

"ऐका," वसुंधराताई म्हणाल्या. "चोर जागा रिकामी सोडतो. पूजेसाठी वस्तू उचलणारा त्या जागी सुपारी-अक्षता ठेवतो. परत आणण्याचे ते वचन असते. इथल्यांची अवजारपूजा महिन्यापूर्वीच आटोपली. खंडेनवमीला अवजारे पुजून त्या दिवशी ती न चालवणारी घरे आपली मराठी. आभा त्यांतली, पण ती दिवसभर मुलांसोबत होती. आणि माग बंद राहावा म्हणून न तुटलेला पट्टा तुटल्याचे सांगणारा एकच."

वामनराव मागासमोरच्या बाकावर बसले. "तो बाबांचाच धोटा. या वर्षी तरी तो पुजायचा, असा त्यांचा हट्ट होता. उत्तरपूजा करून आज पहाटे आणून ठेवणार होतो. पण त्यांनी तो छातीशी धरलाय. हिसकावू कसा?"

"आणि घनश्यामची भाकरी हिसकावली जाताना पाहवली?"

वामनराव उठून घनश्यामसमोर गेले. "भैया, मैंने लिया. मुँह नहीं खुला मेरा. माफ करो."

घनश्याम भिंतीपासून पुढे आला. मग म्हणाला, "पहले बोल देते, काका. बाबूजी से मैं खुद माँग लाता."

अजयजींनी दारात जाऊन पोलिसांना परत पाठवले आणि धोट्यासाठी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

वसुंधराताई निघताना हलकेच म्हणाल्या, "घनश्याम, तुमच्या अन्नाला कधी बट्टा न लागो. वामनराव, खरे बोलण्याचे बळ तुम्हांला वेळेवर लाभो. आणि विठोबांना अशी गाढ झोप येवो, की मूठ आपोआप सैल होईल."