न वितळणारं आइस्क्रीम

कुवेतच्या सप्टेंबरात जे आइस्क्रीम वितळत नाही, त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, अशी माझी खात्री होती. खाद्यपदार्थ तपासणं हा माझा धंदा आणि संशय घेणं हा स्वभाव. मंगफ भागातल्या त्या पॅलेस्टिनी दुकानात कप उंच धरून मी मालकांना, यासिरभाईंना, सरळ विचारलं, "इसमें आरारूट डाला है ना?" आणि मराठीत पुटपुटले, "नक्कीच भेसळ!"

"भेसळ नाही हो," फ्रीझरच्या मागून चक्क मराठीत उत्तर आलं. "मस्तकी म्हणून एका झाडाचा डिंक आहे. आपण डिंकाचे लाडू करतो, हे लोक डिंकाचं आइस्क्रीम करतात."

मग पाना हातात घेऊन एक माणूस उभा राहिला. कपाळावर ग्रीस, डोळे हसरे. सुदेश. सावंतवाडीकडचा, फ्रीझर-एसी दुरुस्त करणारा.

"फॅमिली इथंच?" त्याने विचारलं.

"एकटी आहे. तुम्ही?"

"मीपण एकटाच."

झालं! मी सावध झाले. माझी रूममेट विनिता हिला एकाने असंच सांगितलं होतं. अंगठ्यासुद्धा झाल्या, आणि मग कळलं की गावी त्याची बायको आणि दोन मुलं आहेत. चार महिने ती रडत होती आणि मी तिला चहा करून देत होते. तेव्हाच ठरवलं होतं, इथल्या कुठल्याही गोड माणसावर विश्वास ठेवायचा नाही.

तरी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला मी तिथंच. तोही तिथंच...

"नाशिकला कुठलं आवडायचं?" मी नाशिकची, हे कळल्यावर त्याने विचारलं.

"सीताफळाचं. त्यात चुकून दाताखाली बी येते. बी आली की समजावं, फळ खरं आहे."

"तिथंही तपासणी!" तो हसला. "मला आमच्या आईचं. मे महिन्यात, रायवळ आंब्याचं, पॉटमधलं. एकाने गोणपाट टाकून पॉटवर बसायचं, दुसऱ्याने दांडा फिरवायचा. तोंडात टाकलं की संपलंच."

"आणि हे?"

"हे रेंगाळतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काही माणसांसारखं."

मी लाजले. आणि लाजले म्हणून स्वतःवरच चिडले.

एकदा मी यासिरभाईंनाही धरलं. पॅलेस्टाइनमधल्या रामल्लात हीच चव मिळते, असं ते सगळ्यांना सांगायचे; पण हे त्यांना कसं माहीत? त्यांचा तर जन्म कुवेतचा, रामल्ला कधी पाहिलंही नाही.

"बाबाने बोला," ते कप पुसत म्हणाले. "मैंने माना."

पुरावा अगदीच कच्चा होता.

पण खरी खुपत होती ती दुसरीच गोष्ट. दर शुक्रवारी साडेसहाला सुदेशचा फोन वाजायचा. तो बाहेर जायचा, पाठ फिरवून हळू बोलायचा आणि लालबुंद होऊन परत यायचा. "गावचा फोन," एवढंच सांगायचा. विनिताच्या त्यालाही गावचेच फोन यायचे! आणि मला तर हा माणूस आवडायला लागला होता... भीती वाटत होती ती त्याचीच.

आठव्या शुक्रवारी मी पर्समध्ये आयोडीनची बाटली घेऊन गेले. त्याच्यासमोर कपात एक थेंब टाकला. आरारूट असतं तर निळं झालं असतं. नाही झालं.

"झालं समाधान?"

"आइस्क्रीमपुरतं झालं."

तेवढ्यात फोन वाजला.

"इथंच बोला," मी म्हटलं. "स्पीकरवर."

त्याचा चेहरा उतरला. "मुक्ता, नको... तुम्हाला वाईट वाटेल."

"लावा म्हणते ना!"

त्याने लावला.

"काय रे झिला," एक म्हातारा, ठणठणीत आवाज आला, "आज तरी इचारलंस काय तिका? इतक्या शिकलेल्या चेडवाचा लगीन अजून झाला नाय, माका काय ह्या खरा वाटना नाय! नाशकात घोव असतलो एखादो!"

घोव? नवरा? माझा? मी आ वासून बघतच राहिले.

"आई आहे," सुदेश ओशाळून म्हणाला. "आठ शुक्रवार हेच चाललंय. दर वेळी सांगतो, नाही विचारलं म्हणून."

"का नाही विचारलंत?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात ना, एकटी आहे. मी ते खरं धरलं."

खरं धरलं! मी काउंटरकडे पाहिलं. यासिरभाई नेहमीसारखे कप पुसत होते. मी ह्या माणसाच्या समोर बाटली घेऊन आले होते, आणि त्याला माझा एक शब्द पुरला होता. माझे डोळे भरून आले. मी फोन ओढून घेतला.

"काकू, मी मुक्ता. माझं लग्न झालेलं नाही. आणि... मला तुमचा सुदेश आवडतो. फार आवडतो."

सुदेशचा चमचा तोंडाशीच थांबला. पलीकडून लगेच आवाज आला.

"ह्या तरी खरा काय गो?"

"अगदी खरं."

"मगे मे म्हयन्यात ये. माझो हात आता दुखता, आणि पॉटाक दोघां लागतत."

फोन बंद झाला. सुदेश हळूच म्हणाला, "येताना ती बाटली आणू नका हं..."

मी ती काढून त्याच्या खिशात टाकली. "तूच ठेव. आणि आधीच सांगते, पॉटवर मी बसणार. फिरवायचं तू."