शेजारच्यांचा फोन

“चप्पल बाहेर काढा. पंखा लागणार नाही, आवाज येतो. खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या.”

दाराकडे पाठ करून बसलेल्या त्या मुलानं मान न वळवताच सांगितलं, आणि चैतालीनं खरोखर खोकून घेतलं.

ती काही खोकायला आली नव्हती. वडिलांचे जुने दिवाळी अंक दोन पिशव्यांत भरून ती पंचवटीतल्या या वसतिगृहात द्यायला आली होती. डोळ्यांनी न दिसणाऱ्या वीस मुली इथं राहायच्या. अधीक्षिका लताबाई म्हणाल्या होत्या, “मागच्या खोलीत ठेव गं.” मागची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चारही भिंतींना टांगलेल्या गोधड्या. मध्ये टेबल, त्यावर माइक. त्या मुलानं हातानंच खुर्ची दाखवली, ती बसली. पुस्तक समोर सरकवलं, ती वाचू लागली. कुणी इतक्या खात्रीनं सांगितलं की माणूस करतोच.

अर्धं पान झाल्यावर त्यानं हेडफोन काढले आणि पहिल्यांदा वळून पाहिलं.

“तुम्ही... वाचायला येणाऱ्या मॅडम नाही.”

“नाही.”

“त्या साठीच्या आहेत म्हणाले होते.”

“होईन की. थोडा वेळ द्या.”

तो हसला. हसताना त्याचा एक कान किंचित वर जातो, हे चैतालीला तेव्हाच दिसलं. दिसायला नको होतं, पण दिसलं.

त्याचं नाव अश्विन. डी.एड. झालेला, शिक्षकाच्या नोकरीची वाट पाहणारा. तोवर मुलींसाठी पुस्तकं आवाजात उतरवून घेण्याचं काम करायचा. साठीच्या मॅडम त्या दिवशी आल्या नाहीत, नंतरही आल्या नाहीत. चैताली मात्र पुढच्या बुधवारी ऑफिस सुटल्यावर पुन्हा आली. मग शनिवारी. मग येतच राहिली.

अश्विनचा नियम एकच होता.

“जे छापलंय तेच वाचायचं. जुनं असो, चुकीचं असो, आपल्याला न पटणारं असो. आपल्याला शंका आली तर आपण पान उलटून बघतो. या मुलींचं पान म्हणजे तुमचा आवाज. त्यांना दुसरीकडे बघायला जागाच नाही.”

“बरं, सर.”

“सर नका म्हणू. अजून ऑर्डर नाही आली.”

पत्र्यावर सर आली की काम थांबायचं. माइकला पावसाखेरीज काही ऐकूच जायचं नाही. मग अश्विन मशीन बंद करायचा, आणि दोघं आधी गप्प बसायची... मग गप्प नसायची. नाशिकच्या पावसानं त्या वर्षी फार मनावर घेतलं होतं. एका पुस्तकाला आठवडा लागायचा, तिथं तीन लागले. तक्रार कुणीच केली नाही.

अशाच एका सरीत तिनं त्याला सांगितलं की ती कथा लिहिते. प्रेमकथा. त्यानं मागितली म्हणून मोबाईलवर वाचायलाही दिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

“यातला ‘तो’ कोण?” त्यानं विचारलं.

“तो.”

“नाव?”

“नाव नाही.”

“शहर कुठलं?”

“एक शहर.”

“नदी दिसतेय. ही आपली गंगाच ना, गोदावरी?”

“एक नदी आहे.”

“आणि ती त्याला भेटायला जाते कशी? बस नाही, रिक्षा नाही, स्कूटी नाही...”

“जाते.”

“चालत? तरीच शेवटच्या पानापर्यंत पोचलेली नाही.”

चैतालीनं पेनाचं टोपण फेकून मारलं. त्यानं ते झेललं आणि परत दिलं नाही.

“हसू नका,” ती म्हणाली. “मी महापालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खिडकीवर बसते. दिवसभर तारखा लिहिते. कोण कधी आलं, कोण कधी गेलं. निदान गोष्टीत तरी तारीख नको वाटते. आणि बाबांच्या अंकांतल्या त्या प्रेमकथा वाचल्यात का? नायक कमरेला पेजर लावून येतो. तेव्हा केवढा रुबाब वाटला असेल! आता फिसकन हसू येतं. माझ्या गोष्टीला तीस वर्षांनी कुणी तसं हसलेलं मला नको.”

“म्हणून आजचं काहीच ठेवायचं नाही?”

“जे जुनं होणार, ते आधीच काढून टाकायचं.”

अश्विननं मोबाईल परत दिला. देताना बोटं लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरा मागे घेतली.

“भाषा छान आहे,” तो म्हणाला. “पण मी वाचताना त्यात तुम्हाला शोधत...”

“काय?”

“काही नाही. पाऊस थांबला. वाचा.”

पुढची कथा चैतालीनंच निवडली होती, वडिलांच्या एका जुन्या अंकातली. त्यातल्या शकूच्या घरी फोन नव्हता. अख्ख्या आळीत एकच फोन, शेजारच्या चिमाजीअण्णांकडे. शकूवर जीव असलेला मुलगा परगावाहून दर रविवारी तिथं फोन करायचा, आणि अण्णा गॅलरीतून हाक मारायचे, “शकू, तुझा फोन!”

वाचता वाचता चैताली अडखळली. आजच्या मुलींना हे काय कळणार? त्यांना कंटाळा येईल, हसतील. तिनं डोळे पानावर ठेवले आणि जिभेवर वाक्य बदललं, “शकूचा मोबाईल वाजला.” अण्णा गाळले, गॅलरी गाळली. पुढे शकू फोनवर जे बोलते, ते मात्र होतं तसंच वाचलं.

अश्विननं थांबवायला हवं होतं. अंक त्याच्या समोर उघडा होता, हेडफोन कानावर होते. पण तो शब्द ऐकतच नव्हता. गेले काही दिवस तो नुसता आवाज ऐकत होता.

वाचन संपलं तसा पुन्हा पाऊस आला. अश्विननं मशीन बंद केलं.

“ऑर्डर आली,” तो म्हणाला. “हरसूलची शाळा. सोमवारी हजर व्हायचंय.”

“अरे वा!” चैताली म्हणाली. मग तिला सोमवार किती जवळ आहे ते कळलं. “अरे... वा.”

“दोन तासांची एसटी. तिकडे रेंज कधी असते, कधी नसते.” तो टेबलावरची वायर गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. “चैताली, एक विचारू? म्हणजे तुम्हाला... तुला राग नसेल तर. मी जायच्या आत मला कळलं तर बरं होईल. मला तू... तुझ्याशिवाय बुधवार मला आता जमत नाही. तुझं काय?”

पत्रा नुसता धडधडत होता. की दुसरंच काही.

“मलाही वाटतं,” ती म्हणाली. “आज फार वाटतं. पण आजचं उद्या शिळं होतं, अश्विन. मी रोज बघते. हे कायमचं आहे असं वाटलं की सांगेन.”

“रविवारच्या आत वाटेल?”

तिला हसू आलं नाही. त्यालाही आलं नाही.

शनिवारी दुपारी सगळ्या मुली सतरंजीवर बसल्या. अश्विननं स्पीकर लावला. त्याचा या वसतिगृहातला हा शेवटचा शनिवार होता, म्हणून लताबाईही खुर्ची घेऊन आल्या. चैताली दाराशी टेकून उभी होती. खोलीत तिचाच आवाज भरला. शकूचा मोबाईल वाजला. तिकडून तो विचारतोय, आज पिवळी साडी नेसलीस का? शकू म्हणते, हो. माझी आठवण येते का? शकू म्हणते, बरं. मी येऊ का भेटायला? शकू म्हणते, हो, हो, नाही, बरं.

“थांबा, सर,” कुणीतरी म्हणालं. ती रोहिणी होती, सातवीतली. शंका आली की तिचा हात आपोआप वर जायचा. “ही शकू अशी काय बोलते?”

“कशी?”

“नुसतं हो, नाही, बरं. मोबाईल हातात आहे ना तिच्या? मग गच्चीवर जायचं, गोठ्यात जायचं, आणि बोलायचं की मोकळं! एवढा जीव लावतो तो. ही काय घमेंडखोर आहे का?”

“मला पण नाही आवडली ती,” दुसरी म्हणाली.

“त्यानं सोडून द्यावं तिला,” तिसरीनं निकाल दिला.

अश्विननं भराभर अंक उघडला. ओळीवर बोट फिरलं, थांबलं. त्यानं दाराकडे पाहिलं, आणि चैतालीचा चेहरा बघून त्याला सगळं कळलं. त्यानं तोंड उघडलं, पण त्याआधीच ती पुढे आली.

“चूक शकूची नाही,” ती म्हणाली. “माझी आहे. पुस्तकात मोबाईल नाहीच. मी... बदललं ते. मला वाटलं, जुनं आहे, तुम्हाला कळणार नाही.”

वीस चेहरे तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले होते.

“ताई,” रोहिणी हळू म्हणाली, “आम्हाला दिसत नाही म्हणून दुसरंच वाचून दाखवलं?”

चैताली सतरंजीवर त्यांच्यातच बसली. “चुकले गं. आत्ता वाचू का, जसं आहे तसं?”

“वाचा. पण खरं.”

तिनं वाचलं. अण्णा गॅलरीतून ओरडले. शकू पोळी तव्यावर टाकून धावली, पिठाच्या हातानं. अण्णांच्या घरी टीव्ही चालू होता. ती आली तसा कुणीतरी त्याचा आवाज बारीक केला. अण्णा, काकू, त्यांची दोन मुलं, पाहुणे आलेले मामा, सगळे पेपर वाचत बसले. पण कुणाच्याही पेपरचं पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. काळा जड रिसीव्हर पिठाच्या हातात. तिकडून तो विचारतोय, पिवळी साडी नेसलीस का? हो. आठवण येते का? सगळी खोली कान देऊन बसलेली. बरं, म्हणाली शकू.

“अगं बाई!” लताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग मुलींच्या शंका सुटल्या. अख्ख्या आळीत एकच फोन? आपण स्वयंपाकघरात असलो आणि हाक ऐकूच आली नाही तर? तो तिकडं नुसताच थांबणार? रविवार चुकला तर पुढच्या रविवारपर्यंत काहीच कळणार नाही? चैताली एकेक सांगत गेली. नसेल फोन तर लोक शेजाऱ्याचाच नंबर द्यायचे, लग्नपत्रिकेवरसुद्धा तोच छापायचे. नंबर फिरवायची तबकडी असायची. बोट घालून ती फिरवायची, आणि ती कर्रर्र करत आपोआप मागे यायची. रोहिणीनं हवेत बोट फिरवून पाहिलं. तिच्या शेजारणीनं पाहिलं. मग वीस बोटं हवेत सावकाश फिरू लागली.

“म्हणजे तिच्या ‘बरं’मध्येच सगळं होतं,” रोहिणी म्हणाली. “पाच जणांसमोर बोलली, आणि कळलं एकालाच. कसलं भारी ना, ताई!”

ज्याला चैताली फिसकन हसली असती, त्याच्यासमोर या मुली देवळात बसल्यासारख्या बसल्या होत्या. शकूचा फोन काढून टाकला, तर शकू घमेंडखोर झाली होती. फोन परत दिला, तशी ती खरी झाली, आणि तीस वर्षं ओलांडून पिठाच्या हातानं या खोलीत आली.

“सर म्हणत होते, तुम्ही पण गोष्टी लिहिता ना?” रोहिणीनं विचारलं. “आमच्या मोबाईलमध्ये ती बाई बोलते ना, घाईघाईनं सगळं वाचून दाखवते, ती आहे तुमच्या गोष्टीत?”

“नाही.”

“बसमध्ये पुढचा थांबा सांगणारी?”

“नाही गं.”

“मग आम्ही होतो हे पुढच्या मुलींना कळणार कसं?”

सभा मोडली, मुली बडबडत उठल्या. अश्विन स्पीकर उचलून ओसरीवर आला. चैताली तिथं कठड्याशी उभी होती. पावसानं उघडीप दिली होती. दूरवर गंगेचा घुमारा ऐकू येत होता.

“मीही चुकलो,” तो म्हणाला. “अंक समोर असून मला कळलं नाही. मी... शब्द ऐकत नव्हतो.”

“मग काय ऐकत होतास?”

तो कानापर्यंत लाल झाला. चैतालीनं एकदा मोठा श्वास घेतला.

“ऐक आता. शब्दसुद्धा ऐक. आज शनिवार, तेरा सप्टेंबर. सव्वाचार वाजलेत. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना पाणी लागलंय असं सकाळी बसमध्ये सगळे सांगत होते. माझ्या मोबाईलचं चार्जिंग अकरा टक्के आहे. तू निळा टी-शर्ट घातलायस, खांद्याशी उसवलाय, आणि तुला ते माहीत नाही. आणि मला तू आवडतोस, अश्विन कांबळे.”

तो स्पीकर धरून तसाच उभा राहिला. “कायमचं वाटलं का?”

“नाही. आजचंच आहे. पण आज हे असं होतं, हे कुणालाच खोडता यायचं नाही. मलासुद्धा.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारचं सोमवारी सांगेन.”

“मंगळवारी?”

“रेंज असली तर.”

त्यानं स्पीकर खाली ठेवला. तिचा हात हातात घेतला, आणि एखादी नवीच वस्तू हाताला लागावी तसा बघत राहिला.

तेवढ्यात मागच्या खिडकीत खुसखुस झाली. मग रोहिणीचा आवाज आला, अगदी गंभीर.

“ताई, जरा मोठ्यानं सांगता का? मागच्यांना ऐकू नाही आलं.”

चैताली खिडकीकडे वळली. अश्विननं हात सोडवायचा प्रयत्न केला. तिनं सोडला नाही. आणि तिनं पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्यानं आणि पहिल्यापासून. वार, तारीख, नदी, अकरा टक्के, उसवलेला खांदा, आणि त्याचं नाव. एकही शब्द न बदलता.

आत वीस मुली, अण्णांच्या घरच्यांसारख्या, कान देऊन ऐकत होत्या.