धुरातली हाक

इतकी वर्षं मी मुलांबरोबर काढली. आगीतून वाचलेली, बुडता बुडता वाचलेली, घरातल्याच माणसांच्या हातून कशीबशी सुटलेली मुलं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचं, मातीचे घोडे करायचे आणि त्यांच्या मनात येईल तेव्हा त्यांना बोलू द्यायचं, हे माझं काम. लोक विचारतात, डॉक्टर ओदेत, तुमचा सगळ्यात मोठा विजय कोणता? मी इरियाचं नाव सांगते आणि थांबते. आज तुम्ही निवांत बसला आहात, खिडकीही लावलेली आहे, तर पुढचंही सांगते.

मार्चमधली दुपार होती. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहरातून मी निघाले ती अगदी साध्या कामाला. इरियाची माती संपली होती. ती पोचवायची, तिच्या आजीच्या हातचं कोबीचं सूप प्यायचं आणि उजेडात परतायचं. डोंगरावरचा रस्ता वळत वळत चढत होता. दोन्ही बाजूंना जळक्या झाडांचे काळे खांब उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी नेचा हिरवागार फुटला होता. गाडीच्या काचा बंद असूनही राखेचा वास आत येत होता. गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला होता, पण पाऊस पडला की तो वास अजून उठायचा.

वणवा गावात शिरला तेव्हा देवोलिंदाआजी सात वर्षांच्या नातीला घेऊन मळ्यातल्या दगडी पाण्याच्या टाकीत उतरली. गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर ओली घोंगडी. दोघी वाचल्या. इरियाचा लाडका आदेलीनोकाका मात्र खालच्या रस्त्यावर ट्रॅक्टरसकट जळून गेला. त्या दिवसापासून इरिया बोललेली नव्हती. घशात दोष नव्हता, कानात नव्हता. ती हसायची, मान हलवायची, चित्रं काढायची. ओठ उघडायचे, पण आवाज निघायचा नाही.

कारण मला तिच्या चित्रांतून हळूहळू कळलं होतं. टाकीत असताना बाहेरून आदेलीनोकाकाची हाक आली होती, "इरिया, इरिया" अशी. ती ओ देणार तोच आजीने तिचं तोंड दाबून धरलं. नंतर काका मेल्याचं कळलं, आणि पोरीच्या मनाने हिशेब मांडला: मी ओ दिली नाही म्हणून तो गेला. मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते की काका त्याच्या कितीतरी आधी गेला होता, अग्निशमनवाल्यांनी तसं सांगितलंय, ती हाक म्हणजे भेदरलेल्या मनाचा खेळ. ती शांतपणे ऐकायची. तिला ते पटायचं नाही.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा आजी चुलीपाशी होती. माझ्या हातातला मातीचा गोळा बघून म्हणाली, एवढं शिकून शेवटी चिखलातच खेळायचं होतं तर आमच्या मळ्यात यायचं, मजुरी तरी मिळाली असती. मी हसले. इरिया अंगणात मातीला भिडली तशी आजीने आवाज उतरवला.

"डॉक्टरबाई, एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. हाक मीही ऐकली. आवाज आदेलीनोचाच होता."

"मग तुम्ही तिला ओ का देऊ दिली नाहीत?"

आजी सूप ढवळत राहिली. "सगळीकडे धूर होता. धुरात माणूस खोकतो हो... तो खोकत नव्हता."

अशा वेळी म्हाताऱ्या माणसांशी वाद घालायचा नाही, हे मी शिकले होते. पण मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं झालं खरं.

अंगणात इरियाने मातीची टाकी केली होती. आत दोन बाहुल्या, एक मोठी, एक छोटी. टाकीपासून थोडं दूर तिने आणखी एक गोळा ठेवला. त्याला डोळे नव्हते, हात नव्हते. फक्त तोंड होतं, बोटाने आरपार पाडलेलं. मी विचारलं, हा आदेलीनोकाका का? तिने जोरात मान हलवून नाही म्हटलं. मग उठली, मातीने भरलेल्या हाताने माझा हात धरला आणि मळ्याच्या वाटेला ओढू लागली.

मला आनंद झाला. कित्येक महिने आम्ही त्या टाकीकडे एकेक पाऊल सरकत होतो. आधी फोटो, मग अंगणातून लांबून पाहणं, मग कुंपणापर्यंत. आज ती आपणहून निघाली होती. आजी दारात आली. "जा. पण तिथे बोलू नका," एवढंच म्हणाली.

ऊन होतं. उघडंबोडकं, सगळं लख्ख दाखवणारं ऊन. टाकीच्या पाण्यावर राखेची पातळ साय होती आणि पलीकडे जळक्या पाइनवृक्षांची रांग. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. खाली ओढ्याकाठी पक्षी ओरडत होते. एकाएकी ते थांबले. ओढ्याचा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

मग पाइनमधून हाक आली. "इरिया..."

पुरुषाचा आवाज, मायेचा, जेवायला बोलवावं तसा. मला आधी वाटलं, कुणी शेजारी असेल. मी झाडांकडे पाहिलं. खोडांच्या मागे लपायला जागाच नव्हती. इरियाचे ओठ पांढरे पडले होते. मी कुजबुजले, "तुलाही ऐकू आलं?" तिने मान डोलावली. कित्येक महिने मी तिला जे खोटं ठरवून सांगत होते, ते माझ्या कानांनी मी ऐकलं होतं.

"पिश्का..."

लहानपणी मी डोळे फार मिचकावायचे, म्हणून माझ्या बाबांनी मला ते नाव ठेवलं होतं. त्यांच्याशिवाय त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही, आणि बाबा तर मी शाळेत जायच्या आधीच समुद्रात बुडून गेले. आवाज त्यांचाच होता. किंचित घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. सगळी विद्या मला त्या क्षणी पाठ होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता. मला फक्त ओ द्यायची होती. "पिश्का... ये ना..." मी तोंड उघडलं.

एक छोटा, गार, मातीने माखलेला हात माझ्या तोंडावर घट्ट बसला. इरिया कठड्यावर चढली होती. तिचा सगळा जीव त्या हातात उतरला होता.

आणि ती बोलली.

"ती येणार नाही." आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. तिने घसा खाकरला आणि छाती भरून श्वास घेतला. "मीपण येणार नाही. आजीपण नाही. तू आदेलीनोकाका नाहीस. तो असता तर खोकला असता!"

शेवटचे शब्द डोंगरावर आपटून परत आले. नंतर काहीच नाही. बऱ्याच वेळाने ओढा वाहू लागला. निदान मला तरी तो तेव्हा ऐकू आला. एका पक्ष्याने शीळ घातली. इरियाने माझ्या तोंडावरचा हात काढला, माझ्याच कोटाला पुसला आणि म्हणाली, "चल. सूप गार होईल."

परतताना ती बोलतच होती. शेळीबद्दल, शाळेतल्या एका खोडकर मुलीबद्दल, माझ्या गाडीच्या वासाबद्दल. एवढ्या महिन्यांचं साठलेलं धरण फुटलं होतं. मी रडत होते आणि हसतही होते. कुंपणापाशी येताच तिने बेंबीच्या देठापासून आजीला हाक मारली. आजी पळी हातात घेऊन बाहेर आली.

"ओरडतेस कशाला? बहिरी आहे का मी?" असं म्हणाली, आणि पायरीवर मटकन बसली. मग तिने पोरीला कुशीत घेतलं ते सूप खरोखर गार होईपर्यंत सोडलं नाही.

जूनमध्ये गावच्या जत्रेत इरिया मंडपात उभी राहून गायली. सूर बेताचाच होता, पण आवाज असा की चर्चच्या घंटेखालची कबुतरं उडाली. जळालेलं ते अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रात्री ती दिवा विझवून झोपू लागली. शाळेत वर्गाबाहेर काढली गेली, जास्त बडबडते म्हणून. ती बातमी आजीने मला फोनवर एखाद्या बक्षिसासारखी सांगितली.

सप्टेंबरमध्ये मी तिला शेवटचं भेटायला गेले. आता माझी गरज उरली नव्हती. आम्ही पायरीवर भाजलेली कणसं खात बसलो होतो. ती सहज म्हणाली, "काल संध्याकाळी तू मला पाइनमधून हाक मारत होतीस."

कणीस माझ्या हातातच राहिलं. "मी?"

"तुझाच आवाज होता. पण मी ओ नाही दिली. मी जेवायला गेले."

"ती मी नाही, हे तुला कसं कळलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लहान मूल आहे. "तू कधी हाक मारत नाहीस. तू दारापर्यंत येतेस."

एवढं बोलून ती उठली आणि मैत्रिणींची नावं घेऊन ओरडत गल्लीतून खाली धावत सुटली. तिचा तो खणखणीत, निर्भय आवाज ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी ऐकत राहिले. त्याहून मोठी फी मला आयुष्यात मिळाली नाही.

आदल्या संध्याकाळी मी कोइंब्रात, माझ्या घरी होते. सूर्य मावळायच्या सुमाराला माझा आवाज अचानक गेला होता. सर्दी नाही, ताप नाही. फोन आला तर कुजबुजसुद्धा उमटेना. दिवेलागणीनंतर तो आपोआप परत आला, आणि जिभेवर राख होती.