रविवारी बंद पडणारी गाडी

कैनाडच्या फाट्यावर भर दुपारी एक तरुण इलेक्ट्रिक स्कूटरशेजारी हताश उभा होता, आणि नेमकी तेव्हाच पुष्पा तिथून चालली होती. डहाणू स्टेशनजवळ तिचं याच गाड्यांच्या दुरुस्तीचं छोटं गॅरेज होतं, त्यामुळे न थांबता पुढं जाणं तिला जमलं नाही. तिनं चावी फिरवली, ॲक्सिलरेटर पिळला... आणि गाडी निमूट चालू झाली.

"आत्तापर्यंत मेल्यासारखी पडली होती हो," तो ओशाळून म्हणाला.

"मला घाबरली असेल," पुष्पा म्हणाली, आणि त्याच्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

त्याचं नाव समर्थ. रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी, घरी फक्त आई. त्यानंतर तो दर सोमवारी गॅरेजवर येऊ लागला. तक्रार एकच – गाडी चालता चालता मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळानं आपली आपण सुरू होते. पुष्पानं बॅटरीची टोकं घासली, ब्रेकचा स्विच बदलला, स्वतः आगरच्या किनाऱ्यापर्यंत चक्कर मारून आली. गाडी मस्त पळाली. नेमकी कधी बंद पडते असं विचारलं, की तो खाली बघत सांगायचा, "रविवारी."

गाडीला वार कसा कळेल? पुष्पा चक्रावून गेली. हा मुद्दाम येतो की काय? आणि मुद्दाम येत असेल, तर आपल्याला राग का येत नाही? सोमवारीच केसांत अबोली माळावीशी का वाटते? तिला गाडीचंही कळेना, स्वतःचंही.

शेवटी एकदा ती म्हणाली, तुम्ही चालवा, मी मागे बसून बघते.

दोघं रानशेतच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, वाऱ्यावर उडणारी ओढणी, आणि मध्ये राखलेलं वीतभर अंतर... एका खड्ड्यात चाक आदळलं आणि गाडी गप्प झाली. पुष्पा उतरली, गाडी चालू. बसली, पुन्हा बंद. तिनं सीट उचललं. मागच्या भागावर वजन पडलं, की सीटखालचा पत्रा वाकून बॅटरीच्या वायरीचा जोड दाबत होता. जोड आधीच सैल झालेला.

सापडलं म्हणून ती हसली... आणि तिचं हसू तिथंच थांबलं. म्हणजे दर रविवारी याच्यामागे कुणीतरी बसतं.

"कोण असतं मागे?"

"आई," समर्थ म्हणाला. मग बराच वेळ हँडलशी चाळा करत राहिला. "मुली बघायला नेते मला. गाडी बंद पडली की वैतागून रिक्षानं घरी जाते. तुम्ही भेटलात त्या दिवशीही तेच झालं होतं."

पुष्पानं वायर बाजूला वळवली, जोड घट्ट केला, वर टेप गुंडाळली. सैल ठेवता आला असता... तिनं ठेवला नाही.

"आता नाही बंद पडणार. खुशाल न्या आईंना."

"गाडी बंद पडली की मला बरं वाटायचं," तो हळूच म्हणाला. "तरी तुमच्याकडे आणायचो. ती दुरुस्त व्हावी असं वाटतंय की होऊ नये, हेच मला कळत नव्हतं."

"आणि आता?"

"आता कळतंय. पुष्पा... या रविवारी आईला तुझ्या घरी आणू?"

'तुझ्या' हा शब्द तिच्या कानात कितीतरी वेळ राहिला.

"आमचं आगरला घर आहे. अंगणात मासळी वाळत असते," ती म्हणाली. "आईंना चालेल?"

"आजच विचारतो. नाही म्हणाली, तर एकटा येईन. आणि तिला विचारत राहीन."

पुष्पानं सीट खाली दाबून बसवलं. "सकाळी नको," ती म्हणाली, "बाबा होडीवर असतात. दुपारनंतर या."

परतताना गाडी कुठंच थांबली नाही. याचं तेवढ्यापुरतं दोघांनाही वाईट वाटलं.