झाकणावरचं मेण

या, जरा पुढे सरकून बसा. लक्ष दाराबाहेरच्या चपलांत राहिलं असेल, तर तेही आत बोलावून घ्या. आजची गोष्ट एका जुन्या मोटरसायकलची आणि तिच्यावरच्या दोन माणसांची.

दवाखान्यातल्या कंपाउंडरची धाकटी बहीण डोंगरापलीकडे राहायची. तिला रोज इन्सुलिन लागे. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि घरातलं औषध संपलं. तिचा नवरा रान तुडवत पायी आला. आता दिवस मावळायच्या आत औषध पोचवायचं होतं, अन् वाट एकच: जंगलातून, खिंडीवरून!

पण कंपाउंडरचा या भाऊजींवर काडीचा विश्वास नव्हता. मागे त्यांनी त्याची हीच गाडी नेली, ती कोरडी टाकी आणि भलतीच बॅटरी घेऊन परत आली होती! म्हणून निघण्याआधी त्याने गुपचूप, औषधाच्या बाटलीला करावं तसं, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मेण ओतून पक्कं सील केलं. हात लावला की कळेलच! औषध ठेवलेला बर्फाचा थर्मासही त्याने स्वतःच्याच छातीशी बांधला.

"द्या इकडे, मी धरतो," भाऊजी म्हणाले.

"राहू दे. तुमचे हात मोकळेच बरे."

अर्धा तास गाडी ठेक्यात चालली. दोन्ही बाजूंनी झाडं वाकून आलेली, वाटेवर ओला पाचोळा, आणि खाली कुठेतरी पाण्याचा सतत आवाज. मग ओढ्याच्या मधोमध तिचा ताल चुकला. फट्... फट्... फटाक्! बंद! गुडघाभर पाण्यातून दोघांनी ती ढकलत काठावर आणली.

भाऊजींनी प्लग काढून पाहिला. "पांढराफटक पडलाय. पेट्रोल कमी पोचतंय."

'याला बरं ठाऊक!' कंपाउंडरच्या मनात पाल चुकचुकली. प्लग परत बसवून भाऊजी हात धुवायला गेले, तशी त्याने टाकी तपासली. सील शाबूत होतं. तरी मेण खरवडून झाकण उघडलं. 'सूंऽऽ' असा आवाज झाला. टाकी अर्धी भरलेली! त्याने झाकण घट्ट लावलं, खिशातली मेणबत्ती पेटवून पुन्हा सील केलं आणि किक मारली. गाडी सुरू!

हा बाजूला गेला की चालते! संशय आता पक्का झाला.

खिंडीच्या चढावर गाडीचा जोर पुन्हा ओसरला. डावीकडे खोल दरी. इंजिन आचके देऊ लागलं, मग गप्प! चाक मागे घसरलं. एक हात. दोन हात. ब्रेक दाबला, तरी खडी सरकतच होती!

"उडी मार!" भाऊजी ओरडले.

"औषध माझ्या गळ्यात आहे!"

भाऊजींनी स्वतःच खाली उडी घेतली आणि मागच्या चाकाला खांदा लावला. दगडांवर गुडघे सोलले. गाडी थांबली!

आता चाकाखाली खांदा देणारा माणूस टाकीत काय करणार? कंपाउंडरने मेण फोडून झाकण उघडलं. 'सूंऽऽ!' तोच आवाज. टाकी श्वास घेत होती! झाकणातल्या बारीक भोकातून हवा आत जाते, तेव्हाच पेट्रोल खाली उतरतं. ते भोक त्यानेच बुजवलं होतं.

"भाऊजी... मीच..."

"मेण ना? सकाळीच पाहिलं. म्हटलं, गळत असेल, दवाखान्यातली हुशारी असेल. आता किक मार की! खांदा माझा आहे, जॅक नाही!"

कंपाउंडर हसला की रडला, देव जाणे. त्याने सगळं मेण खरवडलं, भोक टाचणीने मोकळं केलं. गाडी पहिल्याच किकला बोलली. मग त्याने गळ्यातला थर्मास काढून भाऊजींच्या हातात दिला.

"धरा. मी नीट चालवतो."

ऊन उतरताना दोघे दारात पोचले. बहीण भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे, पण शुद्धीवर. सुई टोचताना तिने विचारलं, "भांडलात ना वाटेत?"

"हा एकटाच भांडत होता," भाऊजी म्हणाले.

तेव्हा बाबांनो, देवापुढे हात जोडायला बसाल, तेव्हा ज्याच्यावर संशय घेतला त्याच्याच चाकाखालच्या त्या खांद्याची एकदा आठवण काढा.