दोन आवाजांचा धडा

लॅपटॉप हातात पडायच्या आधी त्याची पिशवी शिवायची होती. मापं शाळेनंच दिली होती. आत मऊ थर हवा, तोंडाला ओढायची दोरी हवी आणि नाव बाहेरून वाचता यायला हवं. आमच्याकडे मूल पहिलीत गेलं की आईला शिवणयंत्र काढावंच लागतं. बुटांची पिशवी झाली, पेल्याची पिशवी झाली, आता ही. संत्र्यांच्या बागेतून आल्यावर माझी लेक तोको शाळेतून घरी यायच्या आत जो वेळ मिळायचा, त्यात मी ती शिवली. निळ्या कापडावर पांढऱ्या बदकांची नक्षी. कापड तोकोनंच निवडलं होतं. निवडलं म्हणजे बोट ठेवलं. बोलली नाही.

"फार गुबगुबीत झालीये," सासूबाई म्हणाल्या. "मशीन ठेवायचंय की बाळ?"

"पडलं तर फुटेल ना, आई."

"आमच्या दप्तरात एक पेन्सिल आणि अर्धं उकडलेलं रताळं असायचं. रताळं पडलं तरी खाता यायचं."

नागिजिमा बेटावर शाळा एकच आहे, फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या चढावर. पहिलीत त्या वर्षी एकटी तोको होती. तिला आणि दुसरीतल्या दोन मुलांना कुवाहारा बाई एकाच खोलीत शिकवायच्या. ती मुलं दिवसभर बेसबॉलबद्दल बोलत. मधल्या सुट्टीत तोको सशांच्या पिंजऱ्याशी उभी असायची. एप्रिलमध्ये शाळा सुरू झाल्यापासून ती घरातही गप्प होत गेली. आधी गाणी थांबली, मग प्रश्न. सहा वर्षांच्या मुलीचे प्रश्न थांबले की घर केवढं मोठं वाटायला लागतं.

माझा नवरा रेंजी मालवाहू जहाजावर आहे. बंदर लागलं की फोन करतो. "जुलैअखेरच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत बघू," तो म्हणाला. "नाहीच रमली तर तुम्ही दोघी ताईकडे ओनोमिचीला जा. तिथं एकेका वर्गात तीस पोरं असतात."

"आणि आई?"

त्यानं हवेचा विषय काढला. आई पलीकडच्या खोलीत ऐकत होत्या.

म्हणून तो लॅपटॉप आला तेव्हा त्यानं काहीतरी बरं करावं असं मला मनापासून वाटत होतं. नगरपालिकेनं प्रत्येक मुलाला एकेक दिला होता, स्वतःचा, शाळेत आणि घरी अभ्यासाला. तोकोनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून चढ उतरून आणला. कुणीतरी झोपलेलं उचलून आणावं तसा.

पहिलीचा रोजचा अभ्यास म्हणजे धडा मोठ्यानं वाचणं. पूर्वी आईनं ऐकून शिक्का मारायचा असे. आता लॅपटॉपसमोर बसून वाचायचं, आवाज आत साठतो आणि बाई तो दुसऱ्या दिवशी ऐकतात. तोको समुद्राकडच्या खोलीत तातामीच्या चटईवर तो उघडून बसायची. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत ऐकायची.

"गोगलगाय निघाली. कुठे निघाली? पानाच्या पलीकडे निघाली. पलीकडे काय आहे? गेल्यावर कळेल."

जूनच्या शेवटी, एका ढगाळ दुपारी, मला दुसरा आवाज ऐकू आला. प्रश्न तोको वाचत होती, उत्तर दुसरंच कुणी. साठवलेलं परत वाजत असेल असं मी धरून चालले. मग तोको हसली. खळखळून हसली. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"याए चुकली!"

मी दारात गेले. "याए कोण गं?"

"माझ्या वर्गातली."

"तुझ्या वर्गात तर तू एकटीच."

"लॅपटॉपच्या वर्गातली, आई. तुला काहीच कसं माहीत नसतं?"

मला पालकसभा आठवली. बेटांवरच्या एकेकट्या मुलांना पडद्यावरून एकमेकांशी जोडून देणार, असं कुणीतरी म्हणालं होतं. कुठल्या तरी बेटावर अशीच एक याए आपल्या लॅपटॉपसमोर बसली असणार. नाव जरा जुन्या वळणाचं होतं, पण हल्ली जुनी नावं परत ठेवतातच. तोको हसली होती. मी आणखी काही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. समुद्राला लाट नव्हती. दुपारभर घरात पिवळसर उजेड असायचा आणि त्यात दोन मुलींचे आवाज, पाण्यावर तरंगल्यासारखे. तोको पुन्हा गायला लागली. सशाला नाव ठेवून आली. जिना उतरताना पायऱ्यांशी भांडायला लागली. "लेकीचं बटण सापडलं वाटतं," आई म्हणाल्या. रेंजीला मी फोनवर सांगितलं, ताईकडे जायची गरज नाही. बोलताना मला रडू आलं.

रोज संध्याकाळी आम्ही रेंजीचं ताट मांडतो. दर्यावर गेलेल्या माणसाचं ताट घरात वाढायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणजे तो असेल तिथं उपाशी राहत नाही. लहानसं लाकडी ताट, त्याचंच वाडगं, त्याच्याच जेवायच्या काड्या, सूपच्या वाटीवर झाकण. जरा वेळानं आई झाकण उचलून आतली बाजू बघतात. तिथं वाफेचे थेंब जमलेले असले की माणूस सुखरूप.

"आहेत थेंब. बरा आहे तुझा नवरा. दाढी करत नसेल, पण बरा आहे." आणि मग ते गार झालेलं जेवण स्वतःपुढे ओढून, "त्याचं पोट तिथं भरलं, माझं इथं."

तोको झाकणाकडे बघत होती. "याएच्या घरी पण असं ताट मांडतात."

"हो का? तिचे बाबाही बोटीवर असतील."

तोको मान हलवत होती. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हात पुसून तिच्यामागे जाऊन बसले. तोपर्यंत पडदा मी नीट बघितलाच नव्हता. आमच्यासारखीच तातामीची खोली, आमच्यासारखंच समुद्राकडे उघडं दार. पुस्तकावर वाकलेली एक मुलगी, कपाळावर सरळ कापलेले केस. चेहरा खाली. तिच्या मागून एका बाईचे हात आले, कोपरापर्यंतच दिसत होते, आणि त्यांनी एक ताट खाली ठेवलं. भातातून वाफ येत होती. मग ते हात तातामीवर टेकले, बोटं जुळवून, अगदी नमस्काराच्या रीतीनं.

समोरच्या बाईनं हात टेकले की आपलेही टेकतात. त्याला विचार लागत नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि वाकले. "तोकोची आई मी. तुम्ही तिला किती जीव लावता. असाच लोभ असू द्या."

वर बघितलं तेव्हा ते हात माझ्यापेक्षाही खाली वाकलेले होते. चेहरा चौकटीबाहेरच राहिला. चांगली माणसं आहेत, मी मनाशी म्हटलं. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्यांच्या दाराबाहेर सकाळ होती.

त्याच आठवड्यात तोको जेवेनाशी झाली.

"पोट भरलंय."

"कशानं? शाळेत जास्त जेवलीस?"

"नाही. भरलंय."

ताप नव्हता. गाल गुलाबी होते, वजन उलट थोडं वाढलं होतं. आंघोळ घालताना मी तिचा पापा घेतला तर तोंडाला जव घातलेल्या भाताचा वास आला. आमच्याकडे जव कुणी खात नाही.

शाळा सुटायच्या वेळी कुवाहारा बाईंनीच मला थांबवलं. "तोकोच्या आई, शाळेतलं जेवण ती शिवतसुद्धा नाही. घरी जेवते ना?"

मी याएबद्दल सांगितलं, तिच्या घरच्यांचे आभारही मानले. बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

"तो वर्ग सुट्टीनंतर सुरू व्हायचाय. अजून कुणालाच जोडलेलं नाही. आणि तुमच्या घरी तर नेटसुद्धा नाही ना? म्हणजे घरी तो लॅपटॉप फक्त आवाज साठवतो."

"पण मी बघितलंय, बाई."

त्यांनी तोकोचं वाचन लावलं. त्यात एकटी तोको होती. ती प्रश्न वाचायची आणि थांबायची. जेवढा वेळ उत्तराला लागेल तेवढंच थांबायची. मग पुढचा प्रश्न. एकदा थांबलेली असताना हसली.

"छान थांबून वाचते," बाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. ती थांबली होती अशा एका ठिकाणी त्यांनी आवाज वाढवला. आत समुद्र होता, आणि कसलं तरी भांडं खाली ठेवल्याचा हलका आवाज. त्यांनी पटकन बंद केलं. "इथं समुद्र काय, कुठेही ऐकू येतो."

दुसरा दिवस शनिवार होता. आई आणि मी बागेत कोवळी संत्री विरळ करत होतो. डहाळीवर फळांची दाटी झाली की काही काढून टाकायची, म्हणजे उरलेली वाढतात. कात्र्या चालू असतानाच मी आईंना सगळं सांगितलं.

"काही नाही, पोरी मनातल्या मनात मैत्रिणी करतात," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा एका बेडकाला दादा म्हणायचा." मग थोड्या वेळानं, "ताट म्हणालीस. कुणासाठी होतं?"

"त्यांचं कुणी बाहेर असेल."

"वाडगं केवढं?"

मी हातानं दाखवलं. "लहान. काड्याही आखूड होत्या."

आईंची कात्री थांबली.

"रेंजीचं ताट आपण का मांडतो?"

"तो घरी नाही म्हणून."

"आणि घर त्याचं आहे म्हणून." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "परक्या पोरीचं ताट कुणी मांडत नाही गं. आपलं माणूस बाहेर गेलंय, परत यायचंय, त्याचंच मांडतात."

कात्री पुन्हा चालली, आणि डहाळीवरचं सगळ्यात चांगलं फळ खाली पडलं. आईंनी ते उचललं नाही.

"चल घरी," त्या म्हणाल्या.

बागेतून उतार सरळ आमच्या दारापर्यंत येतो. भर दुपार होती. झाडांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. समुद्र इतका शांत होता की त्याचं दुसरं टोक जवळ आल्यासारखं वाटत होतं. आई वयाला न शोभेल इतक्या भरभर चालत होत्या.

घराबाहेरच आवाज ऐकू आले.

आज प्रश्न एकीचा, उत्तर दुसरीचं, असं नव्हतं. दोघी सगळंच एकत्र वाचत होत्या.

"गोगलगाय निघाली. कुठे निघाली?"

मी चपला न काढता आत गेले. तोको माझ्याकडे पाठ करून बसली होती, नेहमीसारखी, गुडघे दुमडून. मानेवर घामानं केस चिकटले होते. पडद्यावर ती खोली. ते ताट. वाफ.

आज ताटापुढे एक उशी होती, बसायची. ते दोन हात तिच्यावरच्या सुरकुत्या सरळ करत होते. हळूहळू, पुन्हापुन्हा. असे हात मी ओळखते. मूल येणार असलं की माझेही असेच चालतात.

"पानाच्या पलीकडे निघाली."

यातला माझ्या लेकीचा आवाज कुठला, ते मला ओळखता येईना.

मी ऐकत राहिले. खूप ऐकलं.

"पलीकडे काय आहे?"

मी पुढे झाले आणि लॅपटॉप मिटला.

एक आवाज थांबला.

"गेल्यावर कळेल," दुसऱ्यानं वाचलं, आणि धडा संपला.

मी तिला मागून मिठी मारली. केस उन्हानं तापले होते. हृदय इवलंसं, भराभर चाललेलं. ती रडली नाही, लॅपटॉप मागितला नाही. अंग जरासं ताठ केलं आणि मग सोडून दिलं. आई दारात उभ्या होत्या, हातात अजून कात्री.

"वाढ," त्या म्हणाल्या. "आधी जेवायला वाढ तिला."

भात होता. सकाळचे भाजलेले मासे होते, आंबट आलुबुखार होता. मी तिचं वाडगं भरून समोर ठेवलं. ती हात जोडून बसली आणि जेवायला लागली. कितीतरी दिवसांनी माझ्या हातचं जेवत होती. वाडगं तोंडाला लावून, गालावर शितं. दुसऱ्यांदा वाढलं, तेही संपलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसूही येत होतं.

"सावकाश," आई म्हणाल्या. "मासा भाजलेला आहे, पळून जाणार नाही."

ती लाजून हसली. डाव्या गालाला खळी पडली, पडते तशीच. काड्या तिनं आडव्या, टोकं जुळवून ठेवल्या. मग वाडगं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"काकू," ती म्हणाली, "अजून थोडा भात मिळेल का?"

आईंचा हात टेबलावर थांबला.

मी वाडगं घेतलं. काठापर्यंत भरलं. तिला भूक लागली होती. तशी भूक एका दिवसाची नसते.